फिका मणी

माझ्या बैलाच्या गळ्यात हिरव्या मण्यांची गं ओळ,
मणी बोलले मण्याशी, झाली न्याहारीची वेळ.

जात्यावरचा आईचा हा आवाज तीस वर्षांनी अभिमनच्या कानात उमटला, तो झुलालनानाच्या काचभट्टीसमोर. नानानं चिमट्यात धरलेला बैलाचा मणी निवत होता. तो गर्द हिरवा उतरायला हवा होता. उतरला काकडीच्या पाण्यासारखा.

जळगावात रतिलालशेठच्या कारखान्यात लोखंडावर क्रोमचा मुलामा चढे. उरलेलं पिवळं, विषारी पाणी पूर्वी सरळ नाल्यात जाई. एक्क्याण्णव साल लागलं, तसा तिथला कामगार अभिमन त्या पाण्याच्या टाकीत विष मारणारा हिराकस घालू लागला. पिवळं पाणी हिरवं झालं, की चुना. मग तळाशी हिरवा गाळ बसे. तो वाळवून धुळे रस्त्यावरच्या या भट्टीत येई आणि फुटक्या बाटल्यांच्या काचेला रंग देई.

"दोन घाणी झकास, अन् तिसरी ही अशी," शेठ म्हणाले. "नाना, हात गेला तुमचा."

"हात जागावरच शे. गाळच फिका व्हता. माले वाटनं, चुना जास्ती पडी गया."

"वाटलं म्हणे. चाळीस वर्षं काय नुसत्या बाटल्या फोडल्या?"

नाना कसंनुसं हसला. त्यानं चिमटा खाली ठेवला. अभिमननं मान वळवली.

"जाऊ द्या," शेठ म्हणाले. "गाळाचा हा उद्योगच बंद. उद्यापासून नाल्याची मोरी उघडतो, पहिल्यासारखी."

नाल्याच्या काठालाच अभिमनच्या बहिणीची, ताईबाईची विहीर. काल तो एक गोष्ट सांगायलाच तिच्याकडे गेला होता. "भाऊ, इतला उन्हात कसाले उना?" म्हणत तिनं भरला तांब्या पुढे केला. तो त्यानं घटाघटा रिकामा केला आणि काही न बोलता परतला.

शेठनी स्कूटरला किक मारली. नाना भट्टीकडे पाठ करून बसला होता.

"शेठ, थांबा." अभिमन स्कूटरच्या आडवा उभा राहिला. "नानाचा हात नाही चुकला. हिराकस संपला होता. टाकी काठोकाठ भरलेली. काम थांबलं तर तुम्ही बोलाल म्हणून मी नुसता चुना टाकला, अन् वरचं पिवळं पाणी तसंच नाल्यात सोडलं. रंग त्यातच गेला. चार दिवस झाले. माझी बहीण तेच पाणी पितेय."