खिशातली चळत

दाबरावचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहानच होतं. "कार्डराव, मुलगी कामाला जाते, जावईही जातो. दिवसभर घरात मी आणि घड्याळ. हात शिवशिवतात, पण बांधायला पुस्तक नाही. चार दिवस तुझ्याकडे येऊ का? अडचण असेल तर तसं कळव, राग नाही."

आम्ही दोघांनी एकाच वाचनालयात एकतीस वर्षं काढली. मी वरच्या मजल्यावर सूची करायचो. प्रत्येक पुस्तकाचं एक जाड कार्ड, त्यावर नाव, लेखक, क्रमांक. खाली मधोमध एक भोक, त्यातून खणातली सळई जायची. तो तळघरात फाटकी पुस्तकं बांधायचा. खळ लावून झाली की पुस्तक लाकडी दाबाखाली जायचं. कुणाचं काहीही बिनसलं तरी त्याचा सल्ला एकच : "रात्रभर दाबाखाली ठेव, सरळ होईल." म्हणून तो दाबराव आणि मी कार्डराव.

उत्तर का दिलं नाही? पहिल्या आठवड्यात वाटलं, घाई नको, चांगलं लिहू. दुसऱ्या महिन्यात वाटलं, आता आधी उशिराचं कारण द्यावं लागेल. पाचव्या महिन्यात ते कारणच तीन पानांचं झालं. वाचून पाहिलं तर त्यातलं एकही वाक्य मलाच पटेना. फाडून टाकलं. मग रोज डोळ्यांसमोर राहावं म्हणून त्याचं पत्र शब्दकोशात ठेवलं, आणि शब्दकोश उघडायचं सोडून दिलं.

खिशातल्या चळतीचं प्रकरण सुरू झालं ते मात्र कपडे धुण्यावरून. माझ्या सदऱ्याच्या खिशात नेहमी चिठ्ठ्या असतात. काही आठवावं म्हणून लिहिलेल्या आणि मग विसरलेल्या. एके दिवशी त्या सदऱ्याबरोबर धुतल्या गेल्या. हिने खिशातून पांढरा लगदा काढून माझ्यापुढे ठेवला.

"हे घ्या तुमचं आठवड्याचं नियोजन. वाळवून देऊ का?"

सूनबाई तेव्हा नुकतीच ड्युटीवरून आली होती. ती इस्पितळात नर्स आहे. हसता हसता तिने गणवेशाच्या खिशातून आपली चळत काढली : हाताच्या पंजाएवढी कार्डं, वर काळा चिमटा. "बाबा, माझे चौदा पेशंट या खिशात असतात. एका पेशंटला एक कार्ड. काम झालं की काट. तुमच्याकडे तर कार्डांची खाण आहे!"

खाण खरीच होती. वाचनालयात संगणक आला तेव्हा कार्डं रद्दीत निघाली होती. मी त्यातली दोन खोकी घरी आणली आणि तेव्हापासून ती पलंगाखाली होती. प्रत्येक कार्डाची मागची बाजू कोरी, आणि भोक तर आधीच पाडलेलं!

त्या दुपारी मी जेवायलाही उशिरा उठलो. साठ कार्डं निवडली. भोकातून बुटाची नाडी ओवली. भोक खालच्या बाजूला असल्यामुळे सगळी चळत उलटी करावी लागली, पण पानं उलटायला तीच बाजू सोयीची निघाली. नाडीची गाठ खिशाला टोचते असं दिसल्यावर ती काढून किल्ल्यांची कडी घातली. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चळतीच्या मागे-पुढे लावायला दोन पाठी केल्या, जुन्या निळ्या सदऱ्याचं कापड मैद्याच्या खळीने त्यांवर चढवलं, आणि ते सगळं शब्दकोशाखाली ठेवलं. पत्र पोटात घेऊन बसलेला तोच शब्दकोश. माझ्या लक्षात आलं, पण लक्षात आलं नाही असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पाठी सपाट निघाल्या. पेन्सिलीचा तुकडा अडकवायला एक कापडी पट्टी शिवली. ही म्हणाली, "सदऱ्याचं बटण लावायला सापडत नव्हती तीच ना ही सुई?" मी ऐकलं नाही. खूप वर्षांनी हाताला खळीचा वास येत होता आणि मी चक्क शीळ घालत होतो.

मग आले रंगीत दुभाजक, आणि इथे माझा घात झाला. एकतीस वर्षांची सवय. मी सगळी कामं वर्णानुक्रमे लावली. "आरसा – खिळा ठोकणे." "औषध – रक्तदाबाचं." "काच – चष्म्याची." "कुंड्या." "चपला – टाच." "नळ – गळतो." आणि बरंच मागे, "पत्र – उत्तर देणे." रोज सकाळी चहा झाला की पहिल्या कार्डापासून सुरुवात करायची, आणि रोज नवी कामं त्यांच्या अक्षराप्रमाणे मध्ये घुसायची. तीन आठवड्यांत घर चकचकीत झालं. आरसा सरळ टांगला गेला, कुंड्या रंगल्या. नळ मात्र गळतच राहिला.

"अहो, नळाचं काय?" हिने विचारलं.

"त्याचा नंबर यायचाय."

"तो काय दवाखान्यात बसलाय नंबर लावून?"

सूनबाईने हात पुढे केला. "बघू बाबा." कार्डं उलटता उलटता तिचा चेहरा हसू दाबून लाल झाला. "हे अक्षरांप्रमाणे लावलंय? मी वॉर्डात नावाप्रमाणे लावलं, तर ज्याचं सलाईन संपत आलंय त्याच्यापर्यंत पोचायला संध्याकाळ होईल! ज्याची घाई, तो वर."

तिने नळ वर काढला. मग आणखी मागे गेली आणि थांबली. "हे कार्ड मळलंय. म्हणजे तुम्ही इथपर्यंत येता, आणि परत जाता. कुणाचं पत्र?"

"जुनी गोष्ट आहे."

"मग 'उत्तर' म्हणून पुढे का नाही लावलंत? 'पत्र' म्हणून मागे का?"

सूचीकाराला असं विचारू नये. शास्त्रात त्याला कारण आहे, आणि ते मी सांगायला तोंडही उघडलं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते आम्हा तिघांनाही कळलं. मी उठून शब्दकोशातून पत्र काढून तिला दिलं.

तिने वाचलं, हिच्याकडे दिलं. हिने चष्मा लावून वाचलं आणि बराच वेळ घडी घातली नाही.

"त्यांनी येऊ का विचारलं," सूनबाई हळू म्हणाली, "आणि तुम्ही अकरा महिने त्यांना दारात उभं ठेवलंत."

"आता काय लिहू? काहीही लिहिलं तरी खोटं वाटेल. तो रागावला असेल. नाहीतर..." आमच्या वयात अकरा महिने म्हणजे थोडे नसतात.

"ड्युटी बदलताना मी पुढच्या नर्सला एका कार्डात सगळं सांगते," ती म्हणाली. "एकच बाजू. जागा संपली की गप्प बसायचं." तिने एक कोरं कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

मी लिहिलं : "दाबराव, चूक माझी. कारण नाही. ये. चार दिवस नको, महिनाभर ये." खाली बोटभर जागा उरली. आयुष्यात पहिल्यांदा मी ती रिकामी सोडली.

"माझाही नमस्कार लिहा," ही म्हणाली. "आणि म्हणावं, यांना घेऊन जा थोडे दिवस." ते नाही लिहिलं. नमस्कार तेवढा कडेला लिहिला.

मग मला सुचलं. त्याचे हात शिवशिवत होते ना? मी आणखी एक चळत करायला घेतली, त्याच्यासाठी. मागून कोरी अशी साठ कार्डं, तीही त्याने ज्यांची पुस्तकं बांधली होती अशीच शोधून. वर माझ्या उत्तराचं कार्ड. त्याखाली एक पोस्टकार्ड, त्यावर माझा पत्ता, आणि मागे फक्त "येण्याची तारीख :" एवढे शब्द. पाठींना हिच्या जुन्या साडीचा हिरवा काठ चढवला.

शब्दकोशाच्या दाबाखालून काढली तेव्हा उजवा कोपरा वाकडा होता. कापड तिथे जाड गोळा होऊन बसलं होतं. दाबराव असे कोपरे डोळे मिटून दुमडायचा. मी सुरी घेतली. पुन्हा सोडवून, पुन्हा चिकटवून, उद्या, परवा... आणि सुरी खाली ठेवली. उत्तराच्या कार्डावर बोटभर जागा होतीच. तिथे लिहिलं : "कोपरा वाकडा झालाय. येऊन सरळ करून दे."

पाकीट टपालपेटीच्या फटीतून जाईना. म्हणजे खिडकीवर जाणं आलं, बोलणं आलं. रांगेत माझ्यापुढे तिघंच होते; एरवी मी तेवढ्यातही घरी परतलो असतो. ही माझ्या मागे उभी होती, वाट अडवून.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट हातावर तोललं. "आत काय आहे, आजोबा? पुस्तक?"

"उत्तर आहे," मी म्हणालो.

"एवढं जाड?"

"उशीर झालाय जरा."

त्या हसल्या. शिक्का दोनदा आपटला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. मी खिशातून निळी चळत काढली, मळलेलं कार्ड शोधलं, आणि खिडकीच्या कठड्यावर टेकवून त्यावर काट मारली.