पाटीवरचं वाकडं नाव

मी एक जुनी किडनी आहे, मित्रांनो. वय त्रेपन्न. त्यातली सेहेचाळीस वर्षं ताईच्या पोटात गेली आणि पुढची सात तिच्या धाकट्या भावाच्या. मी त्याच्यावर डूख धरून आहे, हे आधीच सांगते.

ताई आणि तिचा भाऊ दोघंही पाट्या रंगवणारे. ब्रश कसा धरायचा, हे त्याला ताईनंच शिकवलं. दुकानाच्या पाटीवर वडिलांचं आणि या दोघा भावंडांची, अशी तीन नावं होती. वडील गेले आणि महिन्याभरात भावानं शिडी लावून ताईच्या नावावर पांढरा रंग फासला. रंगाच्या एका हातानं नाव झाकेना, म्हणून तीन हात मारले. "तुझं लग्न झालंय, तुझं इथे काय काम?" असं वर म्हणाला. ताई खाली उभी राहून बघत होती. तिला आतून काय वाटलं, ते मला ठाऊक आहे. मी तिथेच होते.

पुढे त्याच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या. घरात जुळली ती फक्त ताईची. ताई म्हणाली, "घे. पण पाटी मी विसरले नाही." डॉक्टरांनी मला काढलं आणि त्याच्या पोटात खाली, उजवीकडे बसवलं. मी मनात म्हटलं, बच्चमजी, आता गाठ माझ्याशी आहे.

मला काही करावंच लागलं नाही. प्रत्येकाच्या रक्तात पहारेकरी असतात. बाहेरचं कुणी दिसलं की ते तुटून पडतात. त्याचे पहारेकरीही माझ्यावर धावले. त्यांना गुंगीत ठेवायला त्याला रोज अकरा गोळ्या, त्याही जन्मभर. त्या गोळ्यांनी त्याचा हात थरथरू लागला. रंगाऱ्याचा हात! खडूची दोरी मारून आखलेल्या रेघेवरूनही ब्रश घसरायचा. गिऱ्हाइकं पाठ फिरवू लागली. तो रडकुंडीला यायचा आणि मी आत बसून मजा बघायचे. मला जराही वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी नवा उपाय सांगितला. ताईच्या हाडांच्या आतल्या मगजातल्या पेशी त्याच्या रक्तात सोडायच्या. त्या रुजल्या, तर त्याच्यात तयार होणारे नवे पहारेकरी ताईच्या पेशींच्या सोबतीनं वाढतील आणि मला घरचीच समजतील. मग गोळ्या हळूहळू बंद. "पण खात्री नाही," बाई म्हणाल्या. "बिघडलं तर ही किडनीही जाईल."

म्हणजे पुन्हा ताईकडेच हात पसरायचा होता. तो गेला. त्याच्या हातातला कप बशीवर खडखडत होता.

"देते," ताई म्हणाली. "आधी पाटीवर माझं नाव काढ."

"ताई, हात बघ ना माझा. बरा झालो की झकास काढतो."

"आत्ता. याच हातानं."

भर दुपारी तो शिडीवर चढला. काना कलला, वेलांटी तिसरीकडेच गेली. समोरचा न्हावी दारात आला आणि शिडीवरच्या पाठमोऱ्या माणसाला न ओळखता खाली उभ्या ताईला म्हणाला, "कुठल्या नवशिक्याकडून करून घेताय?" भाऊ शिडीवरूनच मान खाली घालून म्हणाला, "मीच काढतोय." मित्रांनो, त्या दिवशी मला जो आनंद झाला, तसा कधीच झाला नव्हता.

ताईनं शब्द पाळला. आधी कडक औषधांनी त्याचे जुने पहारेकरी नरम केले, मग ताईच्या पेशी बाटलीतून थेंब थेंब आत आल्या. इतक्या वर्षांनी माझ्या माहेरची माणसं भेटली आणि मला भरून आलं. त्यानंतर दर महिन्याला रक्त तपासायचं आणि गोळी कमी करायची. अकराच्या सहा, सहाच्या दोन. शेवटची गोळी सुटली तेव्हा मी जीव मुठीत धरून बसले होते. नवे पहारेकरी आले, मला न्याहाळलं आणि पुढे निघून गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले.

त्याचा हात स्थिर झाला. दोरी न मारता त्यानं सरळ रेघ ओढली आणि ब्रश खाली ठेवून हमसून रडला. दुसऱ्याच दिवशी वाकडं नाव सुधारायला तो शिडीवर चढला. ताई तोवर पुन्हा दुकानात बसू लागली होती. तिनं शिडीचा पाय धरला.

"उतर खाली."

"अगं, वाकडं दिसतंय. लोक हसतात."

"हसू देत. विचारलं की सांगायचं, कुणी काढलं आणि का."

तो उतरला. नाव तसंच आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी कुणी तुमच्या घरात कोणाच्या वाट्याला आली तर तिला जपा. त्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू देऊ नका. आणि जिनं ती दिली, तिचं नाव पुसू नका. मी माझं काम चोख करते, कारण मी ताईची आहे. त्याच्या पहारेकऱ्यांनी माझ्याशी वैर सोडलं. मी अजून सोडलेलं नाही.