‘बट’चा खालचा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. पुण्याच्या एका छापखान्यात जन्मलो आणि तळेगाव दाभाड्याला रंगरावांच्या घरी आलो. रंगरावांना इंग्रजी वाचायची भारी हौस, त्यामुळे माझेही लाड व्हायचे. ते गेले, घरात मोबाइल आले आणि माझी रवानगी शिलाई मशीनखाली झाली. मशीन डुगडुगू नये, एवढंच माझं काम. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

तिथून मला त्यांच्या सुनेने, स्वप्नालीने, बाहेर काढलं. चाकणच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून ती इंग्रजी घेऊन बी.ए. करते. अभ्यासाला एक जुनी कादंबरी होती. तिच्यातली वाक्यं मालगाडीसारखी लांबलचक. स्वप्नाली शब्दन् शब्द माझ्यात शोधून ती कशीबशी पार करायची. पण एका रविवारी ती अडली ती अगदी छोट्या वाक्यावर: ‘शी कुड नॉट बट लाफ.’

तिने माझ्यात ‘बट’ पाहिलं. पहिलाच अर्थ ‘पण’.

“ती हसू शकली नाही, पण... पण काय? पुढे तर पूर्णविराम आहे. आणि ती हसलीच नाही, तर हा माणूस रुसला कशाला?” तिने मला मिटलं. “आई, मी विषय बदलते. इंग्रजी काही मला जमायचं नाही.”

मला वाटलं, पुन्हा मशीनखाली जायचं की काय?

सासूबाई, सगुणाबाई, मेथी निवडत होत्या. “आगं, पर झालं काय त्या गोष्टीत?”

“मागणी घालायला आलेला माणूस नव्या कोटासकट चिखलात पडला.”

सगुणाबाई गालात हसल्या. “तुजे सासरेबी मला बघाया आले तवा शेणात घसरले. समदी मानसं गप. मला मातूर हसल्याबिगर ऱ्हावंना. लई रुसले व्हते.”

“काय म्हणालात? हसल्याशिवाय राहवेना?”

स्वप्नालीने मला घाईघाईने उघडलं आणि ‘पण’वरून बोट खाली सरकवलं. तिथे बारीक टाइपात ‘शिवाय’ होता. मग सासू-सुना अशा हसत सुटल्या की मेथी तशीच राहिली. विषय बदलायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. आता मी तिच्या पिशवीतून कंपनीच्या बसने फिरतो आणि फार सुखात आहे.

मित्रांनो, आमची पानं दुमडू नका, ओल्या हातांनी आम्हाला धरू नका. आणि पहिला अर्थ जुळला नाही, म्हणून लगेच मिटू नका. बोट जरा खाली सरकवा. तिथेही मीच असतो.