रेब अनशेलचा कोंबडा

भुतं काढण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं आमच्या यहुदी गावचा रेब अनशेल, म्हणजे अनशेलबुवा, स्वतःच सांगायचा. "सैतानाचा बाप आला तरी माझ्यापुढे टिकत नाही," असं म्हणत तो त्रायनाच्या सरायीत शिरला आणि उंबऱ्याला अडखळून तिच्या पिठाच्या परातीत पडला.

त्रायना विधवा. तिच्या माळ्यावर भूत असल्याची आवई उठली आणि गाडीवाले समोरच्या सरायीत उतरायला लागले. जत्रा तोंडावर आलेली. सराय शुद्ध ठरली नाही तर तिची चूल बंदच.

आम्ही दहा पुरुष साक्षीला बसलो. दहा जमल्याशिवाय आमचा देव ऐकत नाही, भूत काय ऐकणार? भुताचे पाय कोंबड्याचे असतात, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून अनशेलनं भट्टीपासून दारापर्यंत चाळलेली राख पसरली. सकाळी राख कोरी दिसली की सराय शुद्ध, असं ठरलं. मग स्तोत्रं म्हणता म्हणता सगळ्यांत आधी तोच घोरायला लागला.

सकाळी बघतो तर राखेत पावलं. कोंबड्याची. आम्ही दहाही शहाणे बाकांवर चढलो.

"रेब," त्रायना म्हणाली, "मोठ्या उपासाआधी पाप उतरवायला डोक्यावरून ओवाळून कापायचा म्हणून महिनाभर पोसलेला कोंबडा काल तुम्हीच आणलात. सकाळी इथूनच कसायाकडे नेतो म्हणून बाकाखाली बांधलात. तो बघा, भट्टीवर बसलाय."

कबूल करावं तर अब्रू जाणार. अनशेल म्हणाला, "माझा बांधलेला होता. हा मोकळा आहे. म्हणजे हा माझा नव्हेच."

त्यानं आमच्यातल्या एकाला प्रार्थनेचं मेंढ्याचं शिंग फुंकायला लावलं आणि भुताला हुकूम सोडला, की खिडकीची काच फोडून खूण ठेव आणि चालता हो. शिंगाच्या आवाजानं कोंबडा बिथरला, अनशेलच्या टोपीवर शिटला आणि काच फोडून पसार झाला.

आम्ही बावळटांनी माना डोलावल्या. सराय शुद्ध ठरली, दुपारपर्यंत गाडीवाल्यांनी भरली.

कोंबडा मात्र सरळ आपल्या घरी गेला, म्हणजे अनशेलच्या. भूत तिथं मुक्कामाला गेलं, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं. ते काढायला अनशेलला दहा जण मिळेनात. बायकोनं तर दारच उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "तुमचा नव्हे म्हणालात ना? मग ज्याचा आहे त्याला पाठवा."

तो त्रायनाकडे परतला. सरायीत एकच खाट रिकामी होती, फुटक्या काचेखालची, गार वाऱ्यातली.

उपासाच्या दिवशी प्रार्थना त्यानंच म्हणायची होती. त्याचा आवाज बसला होता.