वहिनीची सही

रोपं लावायच्या दिवसांत त्या गावात टपाल वाटणं म्हणजे चिखल तुडवणं. माणूस घरी म्हणून सापडायचा नाही. टपालवाला सायकल बांधाला टेकवायचा, विजार गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि हाक मारायचा. वाफ्यात वाकलेला माणूस मान वर न करताच सांगायचा, की बाबा, माझ्या हाताला चिखल आहे, तूच कर सही आणि पाकीट ठेव त्या डब्याखाली. टपालवाला करायचा. एकतीस वर्षं त्याने अख्ख्या गावाच्या सह्या केल्या होत्या. कोणाचं अक्षर डावीकडे कलतं, कोण नावाखाली रेघ मारतं, कोण शेवटी टिंब देतं, हे त्याला स्वतःच्या बायकोच्या स्वभावापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नियमात हे बसत नव्हतं, पण नियम करणाऱ्यांनी कधी रोपं लावली नव्हती.

एक गोष्ट मात्र त्याची पक्की होती. दुसऱ्याचं पाकीट त्याने कधी फोडलं नाही. सही दुसऱ्याची करेन, पण चिठ्ठी दुसऱ्याची वाचणार नाही, असं तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा. याला शहाणपण म्हणायचं की खुळेपणा, ते पुढे कळलंच.

वहिनी त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला तेव्हा ती अंगठा उठवत होती. हिला उद्या कोणीही फसवेल म्हणून टपालवाल्याने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने तिचं नाव लिहिलं आणि महिनाभर गिरवून घेतलं. त्याच्या अक्षराला शेवटी आकड्यासारखं वळण होतं, तेही तिने जसंच्या तसं उचललं. दोघांची सही शेजारी ठेवली तर देवालाही ओळखता आली नसती. डोंगराच्या पायथ्याला तिचं शेत होतं आणि शेतात कधी न आटणारी विहीर. त्या पाण्यावर तिने मुलगी वाढवली, लग्न करून दिली, आणि दिराकडे कधी काही मागितलं नाही.

ते पाकीट आलं त्या दिवशी आभाळ नुसतं दाटून बसलं होतं. पाऊस नाही, ऊन नाही, वारा तेवढा धूळ उचलून तोंडावर मारत होता. डोंगरापलीकडे आठवडाभर सुरुंग फुटत होते. खडीची खाण निघणार असं लोक म्हणत होते, पण कुठून, कशी, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. पाकीट जाड, तपकिरी, सरकारी, वहिनीच्या नावाचं. आणि वहिनी मुलीच्या बाळंतपणाला गेलेली, सव्वा महिना तरी येत नव्हती.

माणूस सापडला नाही तर पाकीट सात दिवसांनी परत जातं. टपालवाल्याने तिला फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं, वहिनीचं अर्धं लक्ष तिकडे. ती म्हणाली, "अहो भाऊजी, तुम्ही काय परके आहात का? सही करून टाका आणि ठेवा घरात. आले की बघते."

त्याने सही केली, शेवटचं वळण जरा जास्तच झोकात काढलं, आणि पाकीट धान्याच्या कोठीवर पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलं. त्यानंतर तो त्या शेतावरून जायचा तेव्हा त्याला बांधावर चुना फासलेले दगड दिसायला लागले. आधी एक, मग तीन. पुढच्या आठवड्यात विहिरीच्या काठावरच एक. कोणी ठेवले, कधी ठेवले, पत्ता नाही. त्याने एकदा घरी येऊन डबा उघडला, पाकीट हातात घेतलं, उजेडाला धरलं आणि परत ठेवलं. त्याचा नियम होता ना.

पाकीट आल्यापासून अडतिसाव्या दिवशी वहिनी परतली. पाकीट तिने चुलीपुढे बसून फोडलं आणि वाचायला त्याच्याकडेच दिलं. खाणीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत जायला वाट हवी होती, ती तिच्या शेतातून आणि विहिरीवरून काढायची ठरली होती. हरकत असेल तर कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत कळवावं. कळवलं नाही तर कबूल आहे असं धरलं जाईल. टपालवाल्याने वाचता वाचता बोटांवर दिवस मोजले आणि पुढचं वाक्य त्याला वाचवेना.

दुसऱ्या दिवशी दोघं तालुक्याच्या कचेरीत गेली. कारकुनाने टपालवाल्याच्याच सह्यांच्या वहीची नक्कल पुढे सरकवली. अमुक तारखेला पाकीट मिळालं, खाली वहिनीची सही, शेवटी झोकदार वळण. तिथून दोघं ज्या वकिलाकडे गेली, त्याने कपाळाला हात लावला. चालेल न चालेल, पण आता एकच उपाय, तो म्हणाला. सही ज्याने केली त्याने कोर्टात उभं राहून तसं सांगायचं.

टपालकचेरीचे मास्तर तसे मायाळू. त्यांनी त्याला बाजूला घेऊन कपाटातला कागद दाखवला. टपालाचा नवा कायदा झाला होता. शहरातल्या बड्या कंपन्या एकमेकींवर खटले भरून वर्षानुवर्षं आम्हाला पत्रच मिळालं नाही म्हणत बसायच्या. त्याला कंटाळून सरकारने ठरवलं, की टपालाच्या वहीत जे असेल तेच खरं, तोंडी काही ऐकायचं नाही, आणि वहीत खोटं लिहील त्याला तुरुंग. भांडली मोठी माणसं, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. मास्तरांनी हा कागद सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. तेव्हा टपालवाला गठ्ठे बांधत होता आणि मान डोलावत होता.

"तीन महिन्यांनी सुटशील नोकरीतून," मास्तर म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस."

वहिनीही तेच म्हणाली, फक्त तिच्या पद्धतीने. चूक तिची होती, सही करा असं तिनेच सांगितलं होतं. "जमीन जायची ती जाईल, भाऊजी. तिच्यामागे तुम्ही कशाला जाता?"

"तुम्हाला सही कोणी शिकवली?" त्याने विचारलं. मग तोच म्हणाला, "कोणी फसवू नये म्हणून शिकवली होती, वहिनी."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. भीती वाटत होती, आणि ती कोणाला सांगायचीही लाज वाटत होती.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. टपालवाला चढला, आणि तेही धुतलेला गणवेश घालून. खाणीच्या वकिलाने वही पुढे धरली आणि ही सही खोटी आहे का, असं विचारलं.

"सही तिचीच आहे," टपालवाला म्हणाला. "हात माझा आहे."

मागे कोणीतरी हसलं. वकील हसला नाही. त्याने विचारलं, अशा किती सह्या केल्या? टपालवाल्याने खरं सांगितलं, की मोजल्या नाहीत, गावाच्या हाताला चिखल असतो. न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. न्यायाधीश माणूस वाईट नव्हते. पण पंधरा दिवसांनी निकाल आला तो असा. वहीविरुद्ध तोंडी साक्ष चालत नाही, म्हणून पाकीट त्याच तारखेला वहिनीच्या हातात पडलं, मुदत संपली, जमीन गेली. आणि निकालाच्या शेवटच्या पानावर आणखी चार ओळी होत्या. साक्षीदाराने सरकारी वहीत खोटी सही केल्याचं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आहे, सबब त्याच्यावर खटला भरावा.

कोर्टाच्या पायऱ्यांवर टपालवाल्याने वहिनीच्या वकिलाला विचारलं, "म्हणजे साहेब, मी खरं बोललो की खोटं?"

वकिलाने फाईल बगलेत मारली आणि दुसरीकडे बघत सांगितलं, "जमिनीपुरतं खोटं. तुरुंगापुरतं खरं."

महिन्याभराने वहिनी आणि तो शेतातला कांदा काढत होते. कांदा अजून लिंबाएवढाच होता, पण थांबून उपयोग नव्हता. बांधापलीकडे पिवळं यंत्र येऊन उभं राहिलं होतं आणि त्याचा चालक सावलीत बसून बिड्या ओढत यांचं आटपायची वाट बघत होता. वहिनी एकेक कांदा झटकून टोपलीत ठेवत होती, जणू बाजारच भरायचा होता. आभाळ तसंच दाटलेलं, कोरडं.

तेवढ्यात बांधावर त्याच्या जागी नेमलेली नवी टपालवाली आली. पोरगी चांगली होती, हसतमुख. तिने आणलं होतं त्याच्या नावाचं कोर्टाचं बोलावणं, पण ते खोट्या सहीबद्दलचं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. त्याचे हात बघून ती म्हणाली, "राहू द्या काका, हात भरलेत तुमचे. मीच करते सही. गावात सगळे असंच सांगतात."

वहिनी वाकली होती ती एकदम ताठ झाली.

टपालवाला विहिरीवर गेला. पोहरा सोडला, पाणी काढलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि सदऱ्याला पुसले. मग वही मांडीवर घेऊन सावकाश स्वतःचं नाव लिहिलं, शेवटच्या वळणासकट. वही परत देताना त्याची नजर तिच्या थैलीवर गेली. आत त्याच जाड तपकिरी कागदाची आणखी सात-आठ पाकिटं होती.

"ही कोणाची?"

"याच गावची," ती म्हणाली. "डोंगराकडच्या सगळ्यांची."

ती निघालीसुद्धा. पलीकडच्या वाफ्यात एक म्हातारी रोपं लावत होती. टपालवालीने हाक मारली, तेव्हा तिने मान वर न करताच सांगितलं, की बाई, माझ्या हाताला चिखल आहे, तूच कर सही.

"थांब," टपालवाला ओरडला. "तिला हात धुऊ दे."

त्याने विहिरीतून बादली काठोकाठ भरली आणि बांधावरून टपालवालीच्या मागे निघाला.