दोन्ही हातांनी

सुंदराबाई ही चंद्रप्रकाशांची आई. दिंडोरीच्या माळावर द्राक्षाची पहिली वेल तिने लावली आणि जन्मात दारूच्या थेंबाला शिवली नाही. तिच्याच नावाची रेड वाइन आता मोठमोठ्या हॉटेलांत मिरवते. म्हातारीला कळलं असतं तर पोराच्या पाठीत धपाटा बसला असता. 'सुंदराबाई रिझर्व्ह'च्या प्रत्येक बाटलीवर छापलेलं असतं, की कुठल्या पिंपातली वाइन कशात मिसळायची हे चंद्रप्रकाश स्वतः वास घेऊन ठरवतात.

ते खरं असतं तर शीतल केव्हाच सुटली असती.

शीतल त्यांची सून, माहेर घाटकोपरचं. लग्नाआधी ती मुलुंडला अत्तराच्या कंपनीत वास पारखायची. लग्नानंतर मोठी साथ आली, चंद्रप्रकाश, म्हणजे घरातले अप्पा, तापाने पडले, आणि ताप गेला तो नाकाची शुद्ध घेऊन गेला. हिंग कुठला नि गुलाब कुठला, कळेना. हे त्यांनी पोटच्या पोराला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं, तेही हात जोडून. "एवढं एक वर्ष सांभाळून घे गं, मग तू मोकळी." सासऱ्याने हात जोडल्यावर सून काय बोलणार? तेव्हापासून दर वर्ष हे 'एवढं एक वर्ष'च असतं.

तेव्हापासून पिंपांचा वास शीतल घ्यायची आणि नाव अप्पांचं व्हायचं. अडचण यायची ती चारचौघांत. घरची रीत अशी, की पहिला घोट वडीलधाऱ्याने घ्यायचा, त्याआधी कुणी पेल्याला ओठ लावायचा नाही. मग दोघांनी तोड काढली. बूच सुनेने काढायचं, ओतता ओतता वास घ्यायचा आणि पेला अप्पांना द्यायचा. दोन्ही हातांनी दिला तर वाइन चोख, एका हाताने दिला तर बाद. पाहुणे म्हणत, काय संस्कार आहेत हो तुमच्या घरात. संस्कार कसले डोंबलाचे, इशारा होता तो.

त्या नाकापायी शीतलला गजरा बंद, उदबत्ती बंद, चाखण्याच्या दिवशी घरात फोडणीसुद्धा बंद. तिला साधी शिंक आली तरी अप्पांचा चेहरा उतरायचा. आणि आता मुलुंडच्या कंपनीने तिला परत बोलावलं होतं. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"जा ना, यार. तुला अडवलंय कोणी?" सकाळी मरोळला येताना गाडी चालवत नितेश म्हणाला. नवरा मनाने चांगला होता, म्हणूनच जास्त त्रास व्हायचा. अडवलंय ते त्याच्याच बापाने, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा गाळा होता. खाली माल, वर चाखण्याची खोली. एका हॉटेल समूहाची वाइन निवडणारी दिशा नावाची मुलगी आली होती, सोबत फोटोग्राफर. अप्पा कोट घालून ताठ बसले होते.

शीतलने बूच काढलं आणि हळूच वास घेतला. ओल्या गोणपाटाचा, बंद माळ्याचा वास. बूच बाधलेलं होतं, बाटली वाया गेली होती.

आता पेला एका हाताने द्यायचा, इतकंच. पण तिच्या मनात आलं, दोन्ही हातांनी दिला तर? अप्पा घोट घेतील, तोंडभर कौतुक करतील, आणि या मुलीला नाक असेल तर सगळं उघडं पडेल. शीतलला कुणाला काही सांगावंच लागणार नाही. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा सुटण्याची ओढ मोठी निघाली. तिने सगळ्यांचे पेले भरले आणि अप्पांचा पेला दोन्ही हातांनी पुढे केला.

अप्पांनी पेला घेतला, हलवला, नाकाशी नेला. दिशा आपला पेला हातात धरून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. अप्पांनी एकदा शीतलकडे पाहिलं. मग घोट न घेताच पेला खाली ठेवला.

"ही बाटली गेली. बूच बाधलंय. सूनबाई, दुसरी आण."

दिशा हसली. "सॉरी हं सर, मला मघाशीच वास आला होता. म्हटलं, बघू तरी तुम्ही काय म्हणता. लोक स्वतःच्या बाटलीला कधी नावं ठेवत नाहीत. आपलं ठरलं. आमच्या सगळ्या हॉटेलांत 'सुंदराबाई' राहील, फक्त दर वर्षी तुम्ही स्वतः निवडलेली."

नितेशने आनंदाने टेबलावर थाप मारली. शीतल दुसरी बाटली आणायला आतल्या खोलीत गेली. मागोमाग अप्पा आले आणि दार लोटून उभे राहिले.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं.

"हातांकडे बघणं मी केव्हाच सोडलं. वास आला की तुझ्या तोंडावरच दिसतं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "एवढं एक वर्ष, शीतल." त्यांनी पुन्हा हात जोडले.

बाहेर दिशाला ती पेला देण्याची पद्धत फार आवडली होती. तिला तोच फोटो मेन्यूवर छापायचा होता. दुसरी बाटली चोख निघाली. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, मघासारखा दोन्ही हातांनी धरा ना. आणि जरा हसा."

शीतलने पेला दोन्ही हातांनी धरला. टेबलावर तिचा फोन थरथरला, पडद्यावर मुलुंडच्या कंपनीचं नाव आलं. "उचल ना," नितेश म्हणाला. पण अप्पा तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि इतके दिवस हातच जपत आलेल्या शीतलला आपलं तोंड कुठे लपवावं ते कळेना.

ती हसली. फोन वाजून वाजून थांबला.