आम्ही सोललेले काजू

इतिहास एकदा तरी कूस बदलतोच, असं कृष्णनाथ परबांनी पेडणे तालुक्यातल्या पार्से गावच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर बसून जाहीर केलं होतं. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा त्यांनी कुणाकडे नोंद केली नाही, मुक्काम किती ते सांगितलं नाही, आणि साडेचारशे वर्षं उठले नाहीत. आता एक पेडणेकर त्यांच्या राजधानीत शिरणार होता. लिस्बनच्या विमानतळावर त्या पेडणेकराला यंत्राने टोपी काढायला लावली, चष्मा काढायला लावला आणि हनुवटी वर करून गप्प उभं केलं.

थोड्या मुक्कामाला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची हल्ली अशीच यंत्रावर नोंद होते. चेहरा टिपतात, आणि व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे जुळवून बघतात. कृष्णनाथांनी बोटं काचेवर टेकली मात्र, हिरवा दिवा. त्यांनी यंत्राकडे बघून मान तुकवली.

मग त्यांची बायको कमलाक्षी. लाल दिवा. बोटं पुसली, लाल. पदराला घासली, तरी लाल.

खिडकीतली तरुण अधिकारी बाई बाहेर आली. तुम्ही जाऊ शकता, यांचं बघावं लागेल, असं तिने कृष्णनाथांना सांगितलं. बाहेर त्यांची मुलगी तनया उभी होती, दिवस भरत आलेली. तिला आई हवी होती. कृष्णनाथ एकटे पोचले असते तर सुईणीऐवजी पंचांग आल्यासारखं झालं असतं.

ठसे दिले होते संक्रांतीच्या सुमारास. त्यानंतर काजूचा हंगाम आला, आणि कृष्णनाथांनी फोनवर मुलीला शब्द दिला की आम्ही ओले काजूगर सोलून, वाळवून आणतो. ओल्या बीचा चीक असा, की राख चोळली तरी बोटांची साल निघते. ‘आम्ही सोललेत’ हे त्यांनी कट्ट्यावर सांगितलं, विमानात शेजाऱ्याला सांगितलं, आणि आता खुलासा म्हणून इंग्रजीतून त्या बाईलाही सांगितलं.

बाईने कमलाक्षीची बोटं पाहिली. टोकं पांढुरकी, पापुद्रे सुटलेले. मग तिने अदबीने कृष्णनाथांचेही हात मागितले आणि चारही हात शेजारी शेजारी ठेवले.

“तुम्हीही सोलता?”

मुरगाव बंदरात जन्मभर इंग्रजी पत्रव्यवहार केलेल्या माणसाला शब्द सापडेना. मागची रांग कान देऊन उभी होती.

“मी राखण करत होतो,” ते अखेर म्हणाले. “वाळत घातलेल्याची. कावळ्यांपासून.”

“कितें विचारता ती?” कमलाक्षीने विचारलं.

कृष्णनाथांनी खाली बघितलं. “आम्ही म्हणजे कोण, असं विचारते.”

बाईने वरिष्ठाला बोलावलं, कागद तपासले, चेहरा पुन्हा टिपला, बाहेर तनयाला फोन लावला, आणि मग दोघांना सोडलं. कृष्णनाथ दोन्ही हात खिशात घालून चालत होते. बाहेरचं दार दिसायला लागलं तसे ते थांबले. मुलीसमोर जाण्याआधी बोलायला हवं होतं.

“कमल, आजवर मी तुला…”

“तें राहूं द्यात,” ती म्हणाली आणि पाण्याची बाटली पुढे केली. “हिचं बूच तेवढं काढून द्या. बोटं झोंबतात.”